खर्जाकडे कान द्या : बरोककडून अभिजात शैलीकडे जाण्याची श्रवणवाट

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत नव्याने ऐकू लागलेल्या माणसाच्या हाती बहुतेक प्रास्ताविक पुस्तके एक सोपी विभागणी ठेवतात : साधारण १६०० ते १७५० हा बरोक काळ आणि त्यानंतर १८२०च्या आसपासपर्यंत अभिजात काळ. सनावळी पाठ होते, बाख आणि मोझार्ट यांची नावेही कोणत्या खणात ठेवायची ते कळते. पण अनोळखी रचना कानावर पडली की ती कोणत्या खणातली हे काही केल्या ओळखता येत नाही. याचे कारण असे की आपण सवयीने वरची सुरावट ऐकतो. आपल्याकडे गाणे म्हणजे मुख्यतः एक गळा आणि त्याच्या मागे साथ, त्यामुळे कान आपोआप वर जातो. या दोन शैलींमधला बदल मात्र सर्वांत स्पष्टपणे तळाला, म्हणजे खर्जाच्या ओळीत ऐकू येतो, असे माझे मत आहे, आणि पुढच्या सर्व पायऱ्या त्याच मतावर उभ्या आहेत.

आधी दोन शब्दांचा उलगडा करून घेऊ. ‘शास्त्रीय’ हा शब्द आपण या सगळ्याच संगीताला लावतो. ‘अभिजात’ हा शब्द मात्र या लेखात हायडन, मोझार्ट आणि तरुण बीथोव्हन यांच्या शैलीपुरताच वापरला आहे. ‘बरोक’ या नावाचे मूळ ओबडधोबड मोत्यासाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दात सांगितले जाते, आणि हे नाव सुरुवातीला कौतुकाने दिलेले नव्हते. जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकेची सोन्याने मढवलेली वेदी ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी बरोक वृत्ती डोळ्यांनी अनुभवलेलीच आहे : रिकामी जागा म्हणून सोडायची नाही, आणि नजर एका ठिकाणी ठरू द्यायची नाही.

तयारी

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये. त्यावर जसा डग्ग्याचा घुमारा हरवतो, तसाच चेलो आणि डबल बेसचा आवाजही हरवतो. मी स्वतः पहिले काही महिने असेच ऐकत होतो आणि बाखची अर्धी रचना मला ऐकूच येत नव्हती, हे फार उशिरा लक्षात आले. साधा का होईना, पण कानाला लावायचा हेडफोन घ्यावा. जवळ पेटी असेल तर उत्तम, नसेल तर तानपुऱ्याचे एखादे ॲप चालेल. त्याचा उपयोग पाचव्या पायरीवर होईल.

रचना शोधताना नुसते नाव पुरत नाही, सूचीतला क्रमांकही द्यावा लागतो. बाखच्या रचनांना ‘बीडब्ल्यूव्ही’, मोझार्टच्या रचनांना ‘के.’ आणि हायडनच्या रचनांना ‘होब.’ असे क्रमांक असतात. ‘के.’ म्हणजे क्योखेल. मोझार्टच्या रचनांची त्याने केलेली सूची १८६२ साली प्रसिद्ध झाली. हे क्रमांक संगीतकारांनी स्वतः दिलेले नाहीत, तरी आज शोध घ्यायला त्यांच्याइतके खात्रीचे दुसरे साधन नाही.

पहिली पायरी : चालणारा खर्ज

बाखच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रल स्वीटमधला ‘एअर’ हा भाग लावावा (बीडब्ल्यूव्ही १०६८). शोधताना ‘एअर ऑन द जी स्ट्रिंग’ या नावाने एक रूपांतर हमखास समोर येईल; ते एकोणिसाव्या शतकात एका व्हायोलिनवादकाने एकल वादनासाठी केलेले असून त्याचा षड्जही वेगळा आहे. आपल्याला मूळ तारवाद्यांची रचना हवी आहे.

मूळ रचनेचा षड्ज पांढरी दोन मानावा. सुरुवातीला पहिले व्हायोलिन गांधारावर लांब श्वास घेतल्यासारखे थांबते. कान तिथेच अडकतो, म्हणून तो जाणीवपूर्वक खाली न्यावा. तळाची वाद्ये तोवर चालू लागलेली असतात : सा, नी, ध, प; मग म, तीव्र म आणि पुन्हा प. यातला प्रत्येक स्वर दोनदा वाजतो, एकदा खालच्या सप्तकात आणि एकदा वरच्या, त्यामुळे जिना उतरताना कोणी प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवावेत तसा भास होतो. हे चालणे रचना संपेपर्यंत जवळजवळ थांबत नाही. दुसऱ्यांदा ऐकताना वरची सुरावट विसरून नुसता हा खर्ज गुणगुणत राहावे, आणि तो जमला की तिसऱ्यांदा वरची सुरावट त्यावर तरंगताना ऐकावी. या एका भागासाठी दोन-तीन दिवस गेले तरी चालतील, कारण इथे बसलेला कान पुढे सर्वत्र उपयोगी पडतो.

दुसरी पायरी : आकड्यांची साथ

बरोक काळातल्या या खर्जाला ‘बासो कॉन्टिन्युओ’ म्हणतात, म्हणजे अखंड चालणारा खर्ज. चेलो किंवा तत्सम वाद्य ही ओळ वाजवते आणि हार्प्सिकॉर्ड (पियानोसारखे पट्ट्यांचे जुने वाद्य) किंवा ऑर्गन वाजवणारा तीच ओळ डाव्या हाताने वाजवून उजव्या हाताने वर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, भरतो. गंमत अशी की हे कॉर्ड स्वरलिपीत पूर्ण लिहिलेले नसतात. खर्जाच्या स्वराला जोडून फक्त आकडे असतात. सा या स्वराला आकडा नसेल तर त्यावर तिसरा आणि पाचवा स्वर घ्यायचा, म्हणजे सा-ग-प. पण ग या स्वराला ६ हा आकडा जोडलेला असेल तर तिथून तिसरा आणि सहावा स्वर घ्यायचा, म्हणजे ग-प-सा. ते कसे पसरायचे, कुठे तोडायचे, कुठे एखादी हरकत घालायची हे वादकाच्या हाती असे. लिहिलेल्या संगीताची म्हणून ओळख असलेल्या या परंपरेत एके काळी साथीदाराला एवढी मोकळीक होती, हे आपल्याकडच्या पेटीवादकांना सांगितले की त्यांना बरे वाटते.

ऐकताना काय करायचे? विवाल्दीच्या ‘फोर सीझन्स’मधल्या कोणत्याही कॉन्चेर्टोत (मुख्य वाद्ये आणि वृंद यांच्या संवादाच्या रचनेत) मागे बारीक किणकिणणारा हार्प्सिकॉर्ड शोधायचा. हे कॉन्चेर्टो १७२५ साली ॲमस्टरडॅममध्ये छापले गेले आणि आज ते लग्नाच्या सभागृहापासून फोनवरच्या प्रतीक्षेपर्यंत सर्वत्र वाजतात, म्हणूनच पहिल्या पायरीसाठी मी ते सुचवले नाहीत. ओळखीच्या सुरावटीखाली कान जाणे अधिक अवघड असते.

तिसरी पायरी : एकच षड्ज, दोन घरे

आता लेखातली सर्वांत महत्त्वाची तुलना. बाखचा तिसरा ब्रँडेनबुर्ग कॉन्चेर्टो (बीडब्ल्यूव्ही १०४८) आणि मोझार्टची ‘आइने क्लाइने नाख्टम्युझिक’ (के. ५२५) या दोन्ही रचनांचे पहिले भाग पाठोपाठ ऐकावेत. दोन्हींचा षड्ज पांढरी पाच आहे आणि दोन्हींत तारवाद्येच मुख्य आहेत. ब्रँडेनबुर्ग संचाच्या अर्पणपत्रिकेवर मार्च १७२१ ही तारीख आहे, तर मोझार्टने आपली रचना ऑगस्ट १७८७ मध्ये पूर्ण केली. साहित्य तेच, मध्ये ६६ वर्षे.

बाखची सुरुवात सा-नी-सा या तीन स्वरांच्या एवढ्याशा तुकड्याने होते, दोन ऱ्हस्व आणि एक दीर्घ. तीन व्हायोलिन, तीन व्हिओला आणि तीन चेलो हा तुकडा एकमेकांकडे फेकत राहतात, कधी सगळे मिळून तोच उच्चारतात, आणि यंत्राच्या चक्राला गती मिळावी तशी रचना पुढे सरकते. वाक्य कुठे संपले असे विचारले तर बोट ठेवणे कठीण. खालचा खर्ज स्वस्थ बसत नाही, म्हणून वरचेही कोणी थांबत नाही. (या कॉन्चेर्टोचा मधला भाग केवळ दोन कॉर्डांचा लिहिलेला आहे, तो ऐकून ध्वनिमुद्रण तुटले असे समजू नये.)

मोझार्टमध्ये पहिल्या क्षणी सगळी वाद्ये एकत्र उभी राहतात आणि एक वाक्य बोलतात : सा, प-सा, प-सा-प-सा-ग-प. वाक्य वर चढते आणि थांबते. खरोखरच थांबते, मध्ये चक्क शांतता आहे. मग उत्तर येते : म, रे-म, रे-म-रे-नी-रे-प, आणि हे वाक्य खाली उतरते. प्रश्न, विराम, उत्तर. त्यानंतर खालची वाद्ये एकाच स्वरावर ठोके देत राहतात आणि वर व्हायोलिन मोकळेपणाने बोलू लागते. इथला खर्ज चालत नाही, तो टेकू देऊन उभा असतो. कॉर्ड बदलण्याचा वेगही मंदावला आहे : बाखमध्ये दर मात्रेला जमीन सरकत होती, इथे ती अनेक मात्रा एकाच जागी राहते आणि म्हणूनच ती सरकते तेव्हा जाणवते.

अभिजात शैलीतला विराम हा रचनेचा अवयव आहे. बरोकमध्ये शांतता क्वचित येते आणि आली तर एखाद्या नाट्यपूर्ण प्रसंगी. मोझार्ट आणि हायडन यांच्याकडे ती स्वल्पविरामासारखी रोजच्या वापरातली होते. हे एकदा ऐकू आले की दोन्ही शैली पुन्हा एकमेकींत मिसळत नाहीत.

चौथी पायरी : डाव्या हातावर लक्ष

मोझार्टने पियानोचा सी मेजर सोनाटा (के. ५४५, षड्ज पांढरी एक) जून १७८८ मध्ये आपल्या सूचीत नोंदवला, तोही नवशिक्यांसाठी म्हणून. उजवा हात सा-ग-प, नी-सा-रे-सा अशी सरळ सुरावट वाजवतो. डावा हात सा-प-ग-प, सा-प-ग-प असे मोडून मोडून वाजवत राहतो. कॉर्डचे तीन स्वर एकदम न वाजवता झोका दिल्यासारखे वाजवण्याच्या या पद्धतीला दोमेनिको आल्बेर्ती या व्हेनिसच्या संगीतकाराच्या नावावरून आल्बेर्ती बेस म्हणतात. अठराव्या शतकात हौशी वादकांची संख्या वाढली, त्यांच्यासाठी छापील संगीत विकले जाऊ लागले, आणि अशा हातांना झेपेल अशी ही साथ सगळीकडे पसरली. तिला कंटाळवाणे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही, कारण आवाज सतत हलता ठेवूनही जमीन स्थिर ठेवण्याचा याहून स्वस्त उपाय कुणाला सापडला असेल असे वाटत नाही.

घरी पेटी असेल तर सा-प-ग-प ही चार स्वरांची फिरकी दोन मिनिटे वाजवत राहावी आणि त्यावर मनात येईल ती सुरावट गुणगुणावी. त्यानंतर फिरकी बंद करून ‘एअर’मधला उतरता खर्ज वाजवावा आणि तीच सुरावट पुन्हा गुणगुणण्याचा प्रयत्न करावा. पहिल्या वेळी खर्ज तुम्हाला सांभाळून घेतो. दुसऱ्या वेळी तुम्हाला त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते.

पाचवी पायरी : षड्ज सोडून जाणे आणि परतणे

आपल्या रागसंगीतात षड्ज अचल असतो, त्यामुळे ही पायरी आपल्याला सर्वांत परकी, आणि म्हणूनच तानपुऱ्याच्या मदतीने सर्वांत लवकर कळणारी आहे. तानपुरा पांढरी पाचला लावून ‘नाख्टम्युझिक’चा पहिला भाग आधुनिक वाद्यांच्या ध्वनिमुद्रणात ऐकावा. सुरुवातीला तानपुरा बऱ्यापैकी जुळतो. थोड्या वेळाने तो बोचू लागतो. बोचू लागला की तो पांढरी दोनला न्यावा. दुसरी, नाजूक सुरावट येईल तेव्हा तो पुन्हा जुळलेला आढळेल. म्हणजे मूळ पंचम आता षड्ज झाला आहे. मधल्या छोट्या भागात कोणताच तानपुरा फार वेळ जुळणार नाही. मग पहिले वाक्य पुन्हा पांढरी पाचवर परत येते, आणि या वेळी ती नाजूक सुरावटही पांढरी पाचवरच येते; ती घर सोडून जात नाही.

या आराखड्याला सोनाटा फॉर्म म्हणतात. हे नाव आणि त्याचे नियम पुढच्या शतकात लिहिले गेले. हायडन किंवा मोझार्ट यांच्यासमोर असा तक्ता टांगलेला नव्हता, म्हणून प्रत्येक रचना त्यात नेमकी बसेल अशी अपेक्षा ठेवू नये. चौथ्या पायरीवरचाच सोनाटा घ्या : त्यात मुख्य सुरावट परत येते ती षड्जावर न येता मध्यमावर येते. नवशिक्यांसाठी म्हणून लिहिलेल्या रचनेत ही खोडी करावी, हे मोझार्टच करू जाणे.

बाखही षड्ज हलवतो, तिसऱ्या ब्रँडेनबुर्गमध्ये तर पुष्कळदा. फरक असा की तो प्रवाशासारखा अनेक गावांतून जातो आणि कुठल्याही गावाचा बोभाटा करत नाही. अभिजात शैलीत एकच स्थलांतर मोठे केले जाते, त्याआधी वाजतगाजत निरोप होतो, आणि परतणे हा प्रसंग ठरतो.

एक व्यावहारिक सूचना : जुन्या वाद्यांवरची बरोक ध्वनिमुद्रणे बहुधा ४१५ हर्ट्झच्या मेळात असतात, आधुनिक वाद्ये ४४०च्या आसपास. त्यामुळे पांढरी पाचची रचना अशा ध्वनिमुद्रणात काळी तीनला ऐकू येईल. तानपुरा जुळत नाही म्हणून कानाला दोष देण्यापूर्वी हे तपासावे.

सहावी पायरी : मधली माणसे

१७५० हे बाखच्या मृत्यूचे वर्ष, आणि तेवढ्यासाठी ते सीमारेषा झाले आहे. प्रत्यक्षात बदल त्याआधीच सुरू झाला होता. १७३३ साली नेपल्समध्ये पेर्गोलेझीचे ‘ला सेर्वा पाद्रोना’ हे छोटे विनोदी संगीतनाटक रंगमंचावर आले; त्यातल्या सुट्या, बोलक्या वाक्यांची चाल पुढच्या पिढीला भावली. १७३७ मध्ये योहान आडोल्फ शाइबे या समीक्षकाने बाखचे नाव न घेता त्याच्या संगीतावर टीका केली की ते क्लिष्ट आणि गुंतागुंतीचे असून त्यात नैसर्गिकता उरत नाही. आज ही टीका हास्यास्पद वाटते, पण ज्या कानांना विराम हवा होता त्यांची बाजू तीत स्पष्ट दिसते.

बाखच्या स्वतःच्या घरातच नवी शैली वाढली. थोरल्यांपैकी कार्ल फिलिप एमान्युएल (१७१४–१७८८) बर्लिनला फ्रेडरिक राजाच्या दरबारी होता. धाकटा योहान क्रिस्टियान (१७३५–१७८२) लंडनला स्थायिक झाला आणि तिथे १७६४ मध्ये आठ वर्षांचा मोझार्ट त्याला भेटला. धाकट्याची गोड, सुडौल वाक्ये मोझार्टच्या हातात आयुष्यभर राहिली. थोरला अगदी वेगळा : त्याने १७७३ मध्ये तारवाद्यांसाठी लिहिलेल्या सहा सिंफनींपैकी एखादी लावली तर वाक्य मध्येच तुटते, आवाज एकाएकी उसळतो, षड्ज न सांगता उडी मारतो. या सहा सिंफनी लिहून घेतल्या गॉटफ्रीड फान स्वीटन या मुत्सद्द्याने. हे नाव लक्षात ठेवावे.

मानहाइमच्या दरबारातल्या वाद्यवृंदाचा उल्लेख टाळता येत नाही. योहान श्टामिट्झच्या शिस्तीत घडलेला हा वृंद आवाज हळूहळू चढवत नेण्यासाठी युरोपभर प्रसिद्ध होता, आणि क्लॅरिनेटला वाद्यवृंदात जागा मिळवून देण्यातही त्याचा वाटा होता.

सातवी पायरी : आवाजाची चढउतार

हार्प्सिकॉर्डची तार छेडली जाते, त्यामुळे बोट हलके पडो की जोरात, आवाज जवळजवळ तेवढाच. पियानोत हातोडी तारेवर आदळते आणि बोटाचा जोर थेट आवाजात उतरतो. फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने असे वाद्य १७००च्या सुमारास बनवले होते. ते घराघरांत पोहोचायला मात्र अर्धशतकाहून अधिक काळ गेला.

याचा सर्वांत सोपा धडा हायडनच्या ९४व्या सिंफनीच्या दुसऱ्या भागात मिळतो. १७९२ साली लंडनमध्ये ती प्रथम वाजली. सुरावट पाळण्याइतकी साधी : सा-सा-ग-ग-प-प-ग, म-म-रे-रे-नी-नी-प. ती हलक्या आवाजात वाजते, मग त्याहून हलक्या, आणि शेवटी सगळा वृंद नगाऱ्यासकट एकच कॉर्ड दणकन आदळतो. आवाजाने दचकणे सोपे आहे. हायडनने काय पेरून ठेवले होते ते पाहावे. समान लांबीची वाक्ये एकामागोमाग आल्यामुळे पुढचा ठोका कुठे आणि किती हलका पडणार हे आपल्या अंगाला आधीच कळलेले असते, तिहाईच्या शेवटी समेची वाट पाहावी तसे. अखंड चालणाऱ्या बरोक खर्जावर ही थट्टा साधली नसती. आणि तरीही, लंडनच्या त्याच मैफलींत हायडन स्वतः वृंदात पियानोपाशी बसत असे. कॉन्टिन्युओची जुनी खुर्ची अजून रिकामी झाली नव्हती.

मुंबईत २००६ पासून एनसीपीएमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया वाजवते. तिथे प्रत्यक्ष ऐकायला गेल्यास डबल बेस दिसतील अशी जागा निवडावी. दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवू नयेत असा आजचा रिवाज आहे. तो पाळावा, पण फार दडपण घेऊ नये : १७७८ मध्ये पॅरिसच्या श्रोत्यांनी आपल्या सिंफनीच्या पहिल्या भागातच टाळ्या वाजवल्या, हे मोझार्टने वडिलांना आनंदाने कळवले होते.

शेवटची पायरी : जुपिटर

व्हिएन्नात परतलेला तो फान स्वीटन १७८२ मध्ये दर रविवारी आपल्याकडे बाख आणि हँडेल यांच्या रचना वाजवून घेत असे, आणि मोझार्ट तिथे नियमाने जात असे. एव्हाना त्याची शैली पक्की झाली होती, पण त्यांतल्या फ्यूगनी, म्हणजे एकच सुरावट वेगवेगळे आवाज पाठोपाठ उचलतात अशा रचनांनी, तो इतका झपाटला की त्याने काहींचे तारवाद्यांसाठी रूपांतर केले आणि स्वतःही फ्यूग लिहायला घेतले. याचे फळ ऑगस्ट १७८८ मध्ये पूर्ण झालेल्या जुपिटर सिंफनीच्या (के. ५५१) अखेरच्या भागात ऐकावे.

षड्ज पांढरी एक. सुरुवात सा-रे-म-ग या चार लांब स्वरांनी होते. प्रश्न-उत्तराची वाक्ये, पंचमाकडे जाणे, परतणे, हे सगळे पाचव्या पायरीवर शिकलो तसेच आहे. मात्र भाग संपायच्या थोडे आधी एक वळण येते आणि आतापर्यंत वेगवेगळ्या भेटलेल्या पाच सुरावटी एकाच वेळी वाजू लागतात, जागा बदलत, एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जात. पहिल्या खेपेला त्या सुट्या करण्याच्या फंदात पडू नये. कान सवयीप्रमाणे तळाला न्यावा आणि चेलो व डबल बेसवर ठेवावा : इतका वेळ ज्यांनी टेकू दिला, त्या तळाच्या वाद्यांकडे आता त्या सुरावटी पाळीपाळीने येतात, आणि त्यांची पाळी आल्याचे हेडफोनमध्ये स्पष्ट ऐकू येते.